सल्ला हवा : केर्न्स, डेनट्री आणि खालचा किनारा – आईबाबा, दोन पोरं आणि एक कॅम्परव्हॅन

चिंचगूळ :

नमस्कार मंडळी. आम्ही मेलबर्नला असतो. जूनअखेरीस आईबाबा चिपळूणहून येतायत. तेव्हा इथे थंडी हाडात शिरते, म्हणून शाळेच्या सुट्टीत सगळ्यांना घेऊन उत्तर क्वीन्सलँडला पळायचं मनात आहे. विमानाने केर्न्स, तिथून कॅम्परव्हॅन, मग डेनट्रीचं वर्षावन, पोर्ट डग्लस, मिशन बीच असं करत खाली टाउन्सविल. हाताशी अकरा दिवस.

माणसं सहा. आम्ही दोघं, मुलं नऊ आणि पाच वर्षांची, बाबा त्र्याहत्तर, आई अडुसष्ट. आईचा उजवा गुडघा दुखरा आहे आणि तिला रात्री दोनदा तरी उठावं लागतं. बाबा एसटीतून निवृत्त झालेले, उमेदीची वर्षं कुंभार्ली घाटात गाडी चालवण्यात गेली. व्हॅनचे फोटो बघून "ही तर आपली निमआराम" असं त्यांनी जाहीर केलंय.

सहा जणांच्या एका मोटरहोमवर बोट ठेवलंय, पण पैसे भरायला हात धजत नाही. सहा माणसं अकरा दिवस एका डब्यात राहू शकतात का? कुठे किती दिवस द्यावेत? आणि मगरींचं काय? आईने यूट्यूबवर काय बघितलंय देव जाणे, ती म्हणते मी समुद्र लांबूनच बघेन. रच्याकने (म्हणजे जाता जाता), आई अंडं-मासे खात नाही. चिपळूणची असून! त्यामुळे स्वयंपाक व्हॅनमध्येच होणार.

हिशेबी_तात्या :

अकरा दिवस म्हणजे चिक्कार झाले. केर्न्सला गाडी घ्या, ब्रिस्बेनला सोडा. सतराशे किलोमीटर आहे, रोजचे दीडशे-पावणेदोनशे पडतात. एअरली बीच, फ्रेझर बेट, सगळं होतं. विमानाचं भाडं भरून गेलोच आहोत तर अर्धवट कशाला बघायचं?

रानवेडा :

तात्या, आम्ही २०१९ साली अगदी हेच केलं होतं, तेही चौदा दिवसांत. त्या सहलीतलं सगळ्यांत लख्ख काय आठवतं सांगू? ब्रूस हायवेवरचे 'ओव्हरटेकिंग लेन पुढे पाच किलोमीटरवर' असे बोर्ड. (आणि फ्रेझर बेटाचं नाव २०२३ पासून अधिकृतपणे क'गारी आहे.)

चिंचगूळताई, तुम्ही टाउन्सविलसुद्धा काढून टाका. केर्न्सपासून वर केप ट्रिब्युलेशन साधारण १४० किमी, खाली मिशन बीच साधारण तेवढंच. या दोन टोकांमध्ये आणि मागच्या ॲथर्टन पठारावर अकरा दिवस कुठे गेले कळणार नाही. गाडी केर्न्सलाच परत करा, दुसऱ्या गावात सोडायचे जास्तीचे पैसेही वाचतील.

व्हॅन घेतली की लोकांना वाटतं रोज हललंच पाहिजे. हलायचं म्हणजे सकाळी विजेची केबल गुंडाळा, पाण्याचा पाइप काढा, गॅसची चावी बंद करा, फडताळांच्या कड्या लावा, सहा जणांची अंथरुणं उचला. तास-सव्वा तास त्यातच जातो, आणि तुमच्याकडे दुखरा गुडघा नि पाच वर्षांचं पोर दोन्ही आहे. एका जागी दोन रात्रींपेक्षा कमी राहू नका.

आता सहा जणांच्या गाडीबद्दल. दोघांची झोपायची जागा ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखी असते, शिडीने चढायचं. तिथे मुलं जातील, आनंदाने जातील. बाकीचे पलंग बहुतेक गाड्यांत जेवणाच्या टेबलांपासून बनतात. म्हणजे सगळे जेवून उठल्याशिवाय आई आडवी होऊ शकत नाही आणि आई उठल्याशिवाय कुणाला चहा नाही. रात्री दोनदा उठायचं तर कुणाच्या तरी पायांवरून जायचं.

मी असं करेन : सीटबेल्ट सहा लागतात म्हणून गाडी सहाचीच घ्यायची, पण कॅरव्हॅन पार्कमध्ये व्हॅनच्या जागेबरोबर आईबाबांना जवळची एक केबिन घ्यायची. संडास-बाथरूम आतच असलेली केबिन मागून घ्या, काहींना नसतं. शाळांची सुट्टी आहे, तेव्हा आज-उद्याच बुक करा. आणि साध्या कारच्या लायसन्सवर साडेचार टनांपर्यंतची गाडी चालवता येते, ती काळजी नको.

हिशेबी_तात्या :

व्हॅनही घ्यायची आणि वर केबिनही? मग व्हॅन कशाला? सात सीटची साधी गाडी घ्या, सगळेच केबिनमध्ये राहा. निम्म्यात होईल.

रानवेडा :

निम्म्यात होणार नाही, पण स्वस्त पडेल हे खरं. तात्यांचा मुद्दा मला खोडता येत नाहीये.

चिंचगूळ :

मुलांनी शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंय की आम्ही घर चालवत नेणार. आता व्हॅन रद्द केली तर मला घरात राहता येणार नाही. :) केबिनची कल्पना मात्र एकदम पटली. आई म्हणाली, "बरं झालं, मला वाटलं झाडाखाली जायचं असतं."

मुक्काम_केन्स :

लिहायचं केर्न्स, म्हणायचं केन्स. आठ वर्षं इथे आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

जुलै उत्तम. किनाऱ्यावर दिवसा पंचवीस-सव्वीस, रात्री सतरा-अठरा. पठारावर मात्र रात्री स्वेटर लागतो. केर्न्स शहराला पोहण्याजोगा किनारा नाही हे आधी सांगतो, कारण पाहुणे येऊन हिरमुसतात. ओहोटीला समोर नुसता चिखल असतो. त्याच्या बदल्यात एस्प्लनेडवर फुकट पोहायचा मोठा लगून बांधलाय, मुलं तिथून निघणार नाहीत. पहिली रात्र इथे, किराणा भरा आणि वर निघा. बायको म्हणते हेही लिही : गाडी तीन मीटरपेक्षा उंच असणार. उंची एका चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा आणि मॉलच्या छतवाल्या पार्किंगकडे ढुंकून बघू नका.

पोर्ट डग्लसपर्यंतचा कॅप्टन कुक हायवे समुद्राला चिकटून जातो. २०२३ च्या डिसेंबरात जास्पर चक्रीवादळाच्या पावसाने याच रस्त्यावर दरडी आल्या होत्या आणि तो काही आठवडे बंद होता. त्यामुळे निघायच्या दिवशी सकाळी रस्त्यांची सरकारी साइट बघायची सवय लावून घ्या. पोर्ट डग्लसहून लो आइल्स बेटांची सहल वयस्कर माणसांना बाहेरच्या प्रवाळापेक्षा सोपी. काचेच्या तळाची होडी असते, आईंना पाण्यात न उतरता सगळं दिसेल.

पुढे मॉसमन. इथे टाकी पूर्ण भरा, कारण नदीपलीकडे पेट्रोल कमी ठिकाणी आणि महाग. मॉसमन गॉर्जला स्वतःची गाडी शेवटपर्यंत नेता येत नाही, अलीकडच्या केंद्रापासून बस घ्यावी लागते. मग डेनट्री नदी. पूल नाही. तारेवर ओढली जाणारी फेरीबोट आहे, आपल्या दाभोळ-धोपाव्याच्या फेरीसारखीच गाडीसकट चढायचं, पण पाच मिनिटांत पलीकडे. सुट्टीत रांग लागते, सकाळी लवकर जा. आणि फेरीबोटीने पलीकडे जायच्या आधी नदीतली बोटफेरी करा. थंडीत मगरी ऊन खायला काठावर येऊन पडतात, जुलैत हमखास दिसतात.

नदी ओलांडली की सरकारी वीज नाही. तिकडे सगळे सौरऊर्जा आणि जनरेटरवर. मोबाइलला रेंजही जवळजवळ नाही. नकाशे आधी उतरवून घ्या आणि चिपळूणला फोन करून सांगा की दोन दिवस आवाज येणार नाही, नाहीतर तिकडे धावाधाव व्हायची. डांबरी रस्ता केप ट्रिब्युलेशनला संपतो. त्यापुढचा ब्लूमफील्ड ट्रॅक फक्त फोर-व्हीलवाल्यांसाठी. भाड्याच्या व्हॅनने कच्च्या रस्त्यावर पाऊल टाकलं की विमा संपला, हे करारात बारीक अक्षरात असतं. बाबांना आधीच सांगून ठेवा!

आईंच्या गुडघ्यासाठी लाकडी पायवाटा आहेत. डुबुजीची सपाट आहे, व्हीलचेअरसुद्धा जाते. कुल्कीची छोटी, शेवटी समुद्राचा देखावा. मादजाच्या वाटेवर जंगलातून चालता चालता कांदळवन लागतं, ती माझी लाडकी. ही जागा १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि २०२१ मध्ये डेनट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी मूळच्या ईस्टर्न कुकू यलंजी लोकांकडे परत गेली. मॉसमन गॉर्जला त्यांच्यातले वाटाडे घेऊन चालता येतं, ते चुकवू नका. कुठल्या झाडाचा पाला पाण्यात चुरगळला की साबणासारखा फेस येतो, हे तुम्हाला बोर्डावर वाचून कळणार नाही.

रस्त्याच्या कडेला किंवा समुद्रावर फुकट झोपू नका. केर्न्स, पोर्ट डग्लस दोन्हीकडे दंड लागतो.

निवांत_आजी :

मगरींचं कुणी नीट सांगितलंच नाही. मुलगी डार्विनला असते, तिच्याकडून शिकले ते लिहिते. पिवळा बोर्ड असो वा नसो, नदी, खाडी, ओढ्याचं तोंड, बोटी उतरवायचा उतार, इथे पाय बुडवायचा नाही. काठापासून पाच मीटर लांब. मुक्काम पाण्यापासून पन्नास मीटर तरी दूर. रोज एकाच वेळी एकाच जागी पाण्याशी जायचं नाही. भांडी काठावर धुवायची नाहीत, खरकटं टाकायचं नाही. एवढं पाळलं की घाबरायचं कारण नाही. जेलीफिशचा मोसम नोव्हेंबर ते मे, जुलैत तो त्रास फार नसतो. किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या अडकवलेल्या दिसतील. त्या जेलीफिश डसल्यावर ओतायला आहेत, सॅलडवर नाही. (आमच्या ह्यांनी विचारलं होतं.)

पाऊसपाणी :

प्रामाणिक शंका. दोन-दोन दिवस जंगलात काय बघायचं? सगळं हिरवंच ना?

रानवेडा :

पहिले दहा मिनिटं हिरवंच. मग डोळा बसतो.

पंख्यासारख्या गोल पानांचे ताड दिसतील, खाली उभं राहून वर बघा. वेताच्या वेली आहेत, त्यांना इथले लोक 'जरा थांब' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, कारण काटेरी आकडे शर्टात अडकले की थांबावंच लागतं. हिरव्या मुंग्या झाडावर पानं शिवून घरटी करतात. कोकणातल्या ओंबीलांच्या सख्ख्या चुलतबहिणी, चावतातही तशाच. १९७१ मध्ये इथल्या एका शेतकऱ्याची गुरं मेली आणि त्यांच्या पोटात जे बी सापडलं, त्यावरून एका फार प्राचीन सपुष्प वनस्पतीचा पुन्हा शोध लागला. लोक तिच्या फळाला 'इडियट फ्रूट' म्हणतात. गोंडवन नावाच्या प्राचीन महाखंडाचे तुकडे व्हायच्या आधी आपली नि यांची जमीन एकाच भूखंडात होती, हे डोक्यात ठेवून चाललं की ओळखीच्या गोष्टी भेटत राहतात.

पण पायवाट सोडू नका, मुलांना तर अजिबात सोडू देऊ नका. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची, मोठी, मऊ लव असलेली पानं दिसली तर हात लावायचा नाही. त्याचं नाव गिंपी-गिंपी. लव दिसते मखमली, पण काचेच्या सुया असतात त्या. खाजकुइली त्याच्यापुढे गुदगुल्या. आग महिनोन्महिने परत परत उठते.

कॅसोवरीबद्दल : माणसाएवढा, उडता न येणारा पक्षी. आतल्या बोटाला दहा-बारा सेंटिमीटरची नखी. समोर आला तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, पिशवी-बिशवी जे हातात असेल ते पुढे धरून हळूहळू मागे सरकायचं. खायला घालणं गुन्हा आहे आणि त्या पक्ष्याच्याच जिवावर उठतं, कारण मग तो खाण्याच्या आशेने रस्त्यावर गाड्यांपुढे येतो. हमखास बघायचा असेल तर इनिसफेलजवळ एटी बे. तिथे तो किनाऱ्यावर फिरायला येतो.

पठारावर जाणार असाल तर जास्पर-बिस्परची भीती नाही पण वळणांची आहे. गॉर्डनव्हेलहून वर जाणाऱ्या गिलीज घाटात १९ किलोमीटरमध्ये २६३ वळणं आहेत. मोठ्या गाडीला पामर्स्टन हायवे बरा. युंगाबराजवळचं कर्टन फिग बघाच. एक झाड आडवं कलंडलं दुसऱ्यावर, आणि वरून उतरलेल्या मुळांचा पंधरा मीटर उंच पडदा झाला. फायकस व्हिरेन्स, हीच जात आपल्याकडेही उगवते.

चाकांवरची_चूल :

माझा प्रांत आला. तीन लिटरचा कुकर नक्की न्या. फक्त पहिल्या शिट्टीआधी शेजाऱ्यांना सांगून ठेवा. आमच्या शेजारच्या तंबूतले आजोबा गॅस फुटतोय समजून अनवाणी धावत आले होते. नंतर रोज वाटीभर खिचडी घेऊन जायचे.

बागांमधून आणि किनाऱ्यावर फुकटच्या विजेच्या शेगड्या असतात, मोठा सपाट तवा. त्यावर आधी कुणीतरी सॉसेज भाजलेले असणार, तेव्हा आईंसाठी स्वतःचा तवा किंवा फॉइल ठेवा. थालीपीठ सुंदर होतं, आणि रांगेतला प्रत्येक जण विचारतो हे काय. वीस-वीस सेकंदांत उत्तर पाठ करून ठेवा.

मायक्रोवेव्ह फक्त पार्कात वीज जोडल्यावर चालतो. फ्रिज चालतो, पण आत दही विरजू नका, पहिल्या वळणावर ताक होतं. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी मेलबर्नहून घ्या. तांदूळ-डाळ केर्न्सच्या भारतीय दुकानांत मिळते. केळी, पपया विकत घेऊ नका म्हणजे सुपरमार्केटातून घेऊ नका. रस्त्याकडेला टपरी असते, फळं मांडलेली, पैशांचा डबा ठेवलेला, माणूस नाही. सुटी नाणी जवळ हवीत. केळीच्या बागांत मात्र फोटोसाठी शिरू नका. टलीच्या बाजूला २०१५ पासून पनामा रोग आहे, तो बुटाच्या मातीतून पसरतो. ऑस्ट्रेलियातली बहुतेक केळी याच पट्ट्यातून येतात, माणसं त्याबाबत फार हळवी आहेत.

शेवटचं, आणि हे कुणी सांगत नाही. व्हॅनमधल्या संडासाची पेटी ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करावी लागते. ते काम घरात कोण करणार, हे निघायच्या आधी ठरवा. विमानतळावर नाही, घरी.

पाऊसपाणी :

वाचनखूण साठवली. संडासाचं वाचून व्हॅनचा विचार रद्द.

चिंचगूळ :

धागा वर काढतेय. आलो परत परवा. सगळ्यांचे आभार मानायचेत आणि वृत्तांतही द्यायचाय.

रानवेडा यांचं ऐकून टाउन्सविल काढलं. केर्न्स एक रात्र, पोर्ट डग्लस दोन, नदीपलीकडे दोन, युंगाबरा दोन, एटी बे एक, मिशन बीच एक, परत केर्न्स एक. एटी बेला एकच रात्र ठेवली ती चूक झाली, तिथली जागाच एवढी मिळाली.

आई पोर्ट डग्लसच्या केबिनमधून पहिल्याच रात्री दोन वाजता बाहेर आली आणि व्हॅनचं दार वाजवायला लागली. "अगं, कुणीतरी बाई रडतेय मागे." खरंच कुणीतरी हंबरडा फोडत होतं. मी आणि नवरा टॉर्च घेऊन गेलो तर गवतात लांब पायांचे दोन पक्षी पुतळ्यासारखे उभे. पार्कातल्या मुलीने सकाळी सांगितलं, बुश स्टोन-कर्ल्यू. आपल्या माळावरच्या करवानकाचे भाऊबंद. आईला नाव सांगितलं तरी ती पुढे सगळे दिवस त्याला "ती बाई"च म्हणत होती.

नदीपलीकडे दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस. जुलैतसुद्धा. मुलं कंटाळतील म्हणून मी धास्तावले होते, पण बाबा व्हॅनच्या छत्रीखाली खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "चिपळूणला आल्यासारखं वाटतंय, फक्त पूर येत नाही ना विचार." दिवसभर कुणी कुठे गेलं नाही. पत्त्यांचा पाच-तीन-दोन झाला, भजी झाली. पाऊस थांबल्यावर अर्धा तास पानांवरून थेंब खाली पडायचा आवाज येत होता, वरच्या पानावरून खालच्या, तिथून अजून खालच्या. आई म्हणाली, जंगल अजून पडतंय.

गिलीज घाट. रानवेड्यांनी नको म्हटलं होतं, पण २६३ चा आकडा मी बाबांना वाचून दाखवायला नको होता. ते करारात नसल्याने चालवायला मिळणार नव्हतं, तर नवऱ्याच्या शेजारी बसून "सेकंड टाक... आता सोड... हॉर्न दे" चालू. शंभराव्या वळणाच्या आसपास मागे धाडकन आवाज झाला. वरच्या फडताळाची कडी कुणी लावली नव्हती (मी). मेतकुटाचा डबा उघडून गाडीभर. मुलगा पिवळा. नवऱ्याने गाडी कडेला घेईपर्यंत बाबांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. वर पोचल्यावर म्हणाले, "कुंभार्लीला एवढी वळणं नाहीत, पण इथे समोरून ट्रक कुठे येतात?" अजूनही त्या गाडीत पुढचं गिऱ्हाईक मेतकुटाचा वास घेत असणार.

उसाच्या गाड्यांचा कुणी उल्लेखच केला नव्हता! जून ते नोव्हेंबर गाळप चालतं म्हणे. रस्ता आडवा ओलांडून बारक्या रुळांवरून आगगाडी जाते, मागे पिंजऱ्यासारखे डबे आणि त्यात उसाच्या कांड्या. बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि डबे मोजले. आयुष्यभर कराडकडे जाताना उसाच्या बैलगाड्यांमागे अडकलेला माणूस, त्यांना तो सूड वाटला की काय कोण जाणे, फार खूश होते. टलीला कारखान्याच्या मळीचा वास आला तेव्हा म्हणाले, "आता बरोबर गावात आलो."

आणि एटी बे. संध्याकाळी किनाऱ्याला लागून खुर्च्या टाकल्या होत्या, आई ताट घेऊन वरण-भात जेवत होती. झाडीतून तो आला. निळी मान, डोक्यावर शिरस्त्राण, पाय तर डायनासोरचे. मी इथे वाचलेलं सगळं विसरले. आई नाही विसरली. ती उठली, स्टीलचं ताट ढालीसारखं छातीशी धरलं, वरण साडीवर सांडलं तरी तसंच धरलं आणि एक-एक पाऊल मागे आली. पक्षी तिच्याकडे न बघता खुर्च्यांमधून वाट काढत पाण्याकडे निघून गेला. अंडी उबवण्यापासून पिल्लं वाढवण्यापर्यंत सगळं नरच करतो हे सकाळी बोर्डावर वाचलं, तेव्हा आईने बाबांकडे जे बघितलं ते लिहिता येणार नाही.

काय जमलं नाही : मिशन बीचला संध्याकाळी सँडफ्लायनी पाय फोडून काढले, लांब पायजमा हवाच होता. आणि गाडी परत देताना भाड्याच्या कंपनीने बाजूच्या छत्रीचा पोचा आमच्या नावावर टाकायचा प्रयत्न केला. ताब्यात घेताना नवऱ्याने चहूबाजूंनी आणि छतावरूनही व्हिडिओ काढला होता, त्यात तो पोचा होता, म्हणून सुटलो. हे सगळ्यांनी करा.

पेटी रिकामी करायचं काम चिठ्ठ्या टाकून ठरवलं. चारही वेळा नवऱ्याचीच चिठ्ठी निघाली. चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या.

चाकांवरची_चूल :

हाहाहा, चिठ्ठ्या! कुकरचं काय झालं ते सांगा.

चिंचगूळ :

युंगाबराच्या पार्कात दोन जर्मन पोरं खिचडीला कायमची बांधली गेली. कुकरची रबरी रिंग मात्र गाडीतच राहिली, शोधतेय नवी.

रानवेडा :

एटी बेचा प्रसंग वाचून पोट दुखलं. रच्याकने, बार्टल फ्रेअर दिसला का? तो क्वीन्सलँडमधला सगळ्यांत उंच डोंगर, १६११ मीटर. आपलं कळसूबाई पस्तीस मीटरने सरस आहे, हे तिथल्या लोकांना सांगायला मला फार आवडतं.

चिंचगूळ :

ढगात होता. सगळे दिवस.

घाटवाट :

फारच छान धागा. आम्हाला जानेवारीत सुट्टी आहे, पर्थहून येणार. हाच मार्ग जानेवारीत जमेल ना? गर्दीही कमी असेल.

मुक्काम_केन्स :

गर्दी कमी असते, त्याचं कारण आहे. टलीत रस्त्याच्या कडेला ७.९ मीटर उंच सोनेरी गमबूट उभा केलाय. १९५० साली तिथे जेवढा पाऊस पडला, तेवढी त्याची उंची. आंबोलीला पावसात गेला असाल तर कल्पना येईल. डिसेंबर ते मार्च चक्रीवादळं, समुद्रात जेलीफिश, बरेच धबधबे बंद. २०२५ च्या फेब्रुवारीत इंगमजवळ ओलेरा क्रीकचा पूल वाहून गेला आणि ब्रूस हायवेच तुटला होता. जंगल तेव्हा सुंदर दिसतं हे खरं, पण व्हॅन घेऊन नका येऊ. ऑगस्टमध्ये जमतंय का बघा.

घाटवाट :

ऑगस्टचं बघतो. धन्यवाद.

हिशेबी_तात्या :

चिंचगूळ, सगळं वाचलं, छान लिहिलंय. एकूण खर्च किती आला तेवढं सांगाल का? केबिन धरून.

चिंचगूळ :

तात्या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. बसून वाचा.